वायू निम्म्यावर आला तेव्हा

माझी मोठी बहीण ज्वालामुखीच्या वेधशाळेत बावीस वर्षं एकच काम करते: डोंगरातून रोज किती वायू बाहेर पडतो ते मोजायचं. तोंडाची फटकळ, डोकं सणकलं की साहेबालाही सोडत नाही. गावात तिला ‘लांडगा आला’ म्हणतात. सहा वर्षांपूर्वी तिच्या सांगण्यावरून सगळं गाव अकरा दिवस शाळेच्या हॉलमध्ये झोपलं आणि डोंगर साधा शिंकलाही नाही, तेव्हापासून. हसणाऱ्यांत मीही होतो. स्वतःच्या बेकरीत बसून सख्ख्या बहिणीची टिंगल ऐकायची आणि वर दात काढायचे, एवढा मी शहाणा.

या खेपेला वायू चार दिवसांत निम्म्यावर आला. साहेबांनी लगेच डोंगर शांत झाल्याचं पत्रक काढलं आणि बंद केलेला रस्ता उघडला. ताईचं म्हणणं उलट होतं. धक्के तर चालूच आहेत, मग वायू कमी होईलच कसा? वरचं तोंड बुजलंय, आत दाब वाढतोय. साहेब म्हणाले, लेखी द्या, सोमवारच्या बैठकीत बघू. त्या माणसाचं नाव काढलं तरी आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई सोमवारसाठी थांबली नाही. शुक्रवारीच ऑफिसची जीप घेऊन गावात आली, दारोदार फिरली. लोकांनी ऐकून घेतलं आणि दारं लावली. शेवटी माझ्याकडे आली. मी म्हणालो, पुन्हा नको, मला इथे तोंड दाखवायचंय.

“धुराडं तुंबलं म्हणून चूल विझत नाही रे,” ती म्हणाली. “तू मर हवं तर. आईला मी नेते.”

तिने आईला औषधांच्या डब्यासकट जीपमध्ये बसवलं. आईसाठी मीही चरफडत निघालो. शटर ओढत होतो, तेवढ्यात शेजारच्या शिंपीदादांनी गाठलं.

“तुझी बहीण आहे, तू सांग. आम्हीही निघायचं का?”

“तिचं नेहमीचंच आहे,” मी म्हणालो. “आई एकटी नको म्हणून चाललोय.”

रविवारी सकाळी पावणेअकराला डोंगर फुटला. आमची गल्ली राखेखाली गेली. शिंपीदादा, वहिनी आणि त्यांची सून घरातच होती.

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. नोटीस आली ती ताईला, परवानगी नसताना लोकांना का घाबरवलं म्हणून. चौकशीत तिला विचारलं, गावाने तुमचं का ऐकलं नाही? शिंपीदादांना मी काय बोललो होतो, ते तिला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, मला नीट सांगता आलं नाही. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.