यंदा कानबाई माझ्या डोक्यावर नव्हती

मागच्या श्रावणात माझ्या मांडीवरून कानबाई खाली पडली. हे लिहायला मला एक वर्ष लागलं. आम्ही खानदेशातले, पण जन्म सगळा सुरतेत गेला. श्रावणात आम्ही नारळाला नथ घालून, डोळे लावून, नवं लुगडं नेसवून ही देवी बसवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापीवर नेतो. आमच्या घरचा नारळ वडिलांच्या वेळचा आहे. तापीचं पाणी लावून तो परत आणतात. तिला डोक्यावर घ्यायचा मान घरातल्या मोठ्याचा. वडील गेल्यापासून तो माझा होता. त्या दिवशी आरतीच्या आधी देवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. नारळ घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला, नथीचा मोती फुटला. बायका रडायला लागल्या. माझा धाकटा भाऊ भिका सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, आता तुझ्याच्यानं होत नाही." देवी त्यानंच उचलली आणि तापीवर त्यानंच नेली. मी मागं टेम्पोत बसून होतो, आणि खोटं कशाला सांगू, तिथंसुद्धा पेंगत होतो.

मी देवीवरच रागावलो. एवढी वर्षं अनवाणी चाललो, उपास केले, आणि तिनं चारचौघांत माझी अशी शोभा केली. सहा महिने मी देव्हाऱ्यापुढं हात जोडले नाहीत. मग पोरानं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचा श्वास बंद पडतो, म्हणून दिवसा डोळे मिटतात. रात्री नाकाला मास्क लावून हवेचं मशीन चालवायचं. पहिला मास्क तोंड-नाक सगळं झाकणारा होता. त्यात माझा जीव घुसमटायचा, मी तो काढून फेकायचो. मग पुन्हा तपासणी झाली आणि नुसत्या नाकावर बसणारा नवा मास्क दिला. हवेच्या दाबाचा आकडाही नऊवरून बारा केला.

नवा मास्क वरच्या ओठावर टेकतो, आणि माझ्या वरच्या ओठावर मिशी होती. जाड, दोन्ही टोकं वर वळलेली. मिशीच्या केसांतून हवा निसटायची आणि रात्रभर शिट्टी वाजायची. मशीनच्या दुकानातला गुजराती भाई म्हणाला, "काका, मूछ काढी नाखो." मला राग आला. आमच्यात मिशी काढतात ती बाप मेल्यावर. माझी बाप गेला तेव्हा एकदाच उतरली होती. मी त्याला म्हटलं, तू मशीन विक, मिशीचं मी बघतो. घरी बायको म्हणाली, "मिशीले देवी पुजस का? जीव राह्यला तर मिशी." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मी बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, जॉबर होतो. बिघडलेला लूम नीट बसवून देणं हे माझं काम. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मी हात लावला आणि लूम चालला नाही असं कधी झालं नाही. तेव्हा हे एवढंसं मशीन काय, असं माझ्या मनात. हवा निसटते म्हणून पट्टे आवळत गेलो. इतके आवळले की नाकाच्या हाडावर जखम झाली, सकाळी पाणी लागलं तरी आग व्हायची. तरी शिट्टी थांबेना. मग दुकानातल्या भाईनं बटणं कशी दाबली होती ते आठवून आकडा बारावरून सहावर आणला. शिट्टी थांबली. मला वाटलं, जिंकलो. पण दिवसा पुन्हा तीच पेंग, उलट जास्त. एकदा जेवताना ताटातच डोकं गेलं. कोणाला सांगितलं नाही. श्रावण तोंडावर आला होता आणि मला भिकाला दाखवून द्यायचं होतं की मी जागा राहू शकतो, देवी माझीच आहे. खरं म्हणजे देवीपेक्षा मला मान हवा होता. हे आज कबूल करतो, तेव्हा केलं नसतं.

नागपंचमीच्या दोन-तीन दिवस आधी फुटलेल्या मोत्याच्या जागी नवा मोती घेऊन परत येत होतो. पांडेसऱ्याच्या बस स्टॉपवर बसलो आणि झोपलो. कोणीतरी खांदा धरून उठवलं. मी बाकाच्या कडेवरून रस्त्याकडे झुकलो होतो आणि पुढून बस येत होती. माझ्याच वयाचा माणूस, साधा शर्ट, हातात भाजीची पिशवी. त्यानं माझ्या नाकाकडे बघितलं आणि विचारलं, "मशीन लगाते हो क्या, भाईसाब?" त्याच्याही नाकाच्या हाडावर जुना लाल वण होता. मी मान हलवली. तो हसला आणि म्हणाला, मीही असाच आवळत होतो. बसून लावू नका. आडवं व्हा, हवा चालू करा, मास्क आपल्या जागी बसू द्या आणि मग पट्टे हलके ओढा. "पहले ढीला करो, बैठने दो, फिर कसो."

हे माझे शब्द होते. लूमवर बीमच्या, म्हणजे ताण्याच्या रुळाच्या, मागं वजनं टांगतात, त्यांवर धाग्याचा ताण ठरतो. नवा कारागीर कापड ढिलं दिसलं की वजनं वाढवतो, आणि मग धागे तटातट तुटतात. मी प्रत्येकाला ओरडून हेच सांगायचो, आधी ढिलं कर, बसू दे, मग कस. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या तोंडावर वजनं टांगत बसलो. जाता जाता त्यानं आपल्या गुळगुळीत ओठावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "और ये भी छोड़ दो. मैंने भी छोड़ दी." बस आली, तो चढला. नाव विचारायचं राहिलं. नंतर मी त्या स्टॉपवर कितीदा जाऊन बसलो, पण तो दिसला नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. मला वेळेवर उठवलं, एवढं मला माहीत आहे.

तिथून घरी गेलो नाही. आधी दुकानात जाऊन आकडा मी बदलला हे कबूल केलं. तो भाई रागावला नाही, एवढंच म्हणाला, "काका, ए नंबर डॉक्टरनो छे, तमारो नहीं." त्यानं डॉक्टरांना फोन लावला, पुन्हा बारा केला, आणि हवा आधी हळू सुरू होऊन मग वाढेल असं लावून दिलं. तिथून न्हाव्याकडे. मिशी काढ म्हटल्यावर न्हाव्याचा हात थांबला. हळूच विचारलं, "कोण गेलं, काका?" मी म्हटलं, "होता एक म्हातारा. फार आखडू होता." त्यानं वस्तरा चालवला. आरशात मला माझा बाप दिसला, शेवटच्या दिवसांतला. घरी बायकोनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवला.

मिशी गेली म्हणून मान परत मिळाला असं झालं नाही. कानबाई बसायच्या दिवशी मी भिकाला म्हटलं, आता मी जागा राहतो. तो नथीत नवा मोती ओवत होता. वर न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, दादा." पाहुणे माझ्या उघड्या ओठाकडे बघून कुजबुजत होते. आतून फार जळलं. आधीचा मी असतो तर ताट उधळून निघून गेलो असतो. पण भिकाचं चुकलं नव्हतं. नारळ माझ्याच मांडीवरून पडला होता.

सकाळी टेम्पो तापीच्या घाटाजवळ थांबला. भिकानं देवी डोक्यावर घेतली आणि मी मागून चालू लागलो, टक्क जागा. आमच्याकडे निघताना देवीचं तोंड मागं फिरवतात, तिनं घराकडे बघत जावं म्हणून. एवढी वर्षं मी तिला वाहिली, पण जो वाहतो त्याला ती दिसत नाही. मला फक्त तिचं वजन माहीत होतं. त्या दिवशी पायऱ्या उतरताना ती सबंध वेळ माझ्याकडे बघत होती. नवा मोती हलत होता. मला वाटलं, ही कितीतरी वर्षं अशीच मागं बघत आली असेल, आणि मी पुढं मिशा वळवत चाललो होतो.

जळणं अजून पुरतं गेलेलं नाही. पुढच्या वर्षी भिका देवी देईल का, ठाऊक नाही, आणि मी मागणारही नाही. रोज आडवा होतो, हवा चालू करतो, मास्क बसू देतो, आणि पट्टे हलके ओढताना तिचं नाव घेतो. माझा श्वाससुद्धा माझ्या हातात नव्हता, हे शिकवायला तिला माझी मांडी सोडून खाली उतरावं लागलं. आई, तुझे उपकार आहेत.