शनिवारचं माप

ताईला किळस पटकन यायची. कुणी उष्टा चमचा साखरेत घातला की ती सगळी साखर फेकून डबा घासायला घ्यायची, आणि छापील ओळीत एखादी वेलांटी चुकली तरी तिचं तोंड तितकंच वाकडं व्हायचं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. तिथले लोक पाठीमागे तिला 'फिनेल' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

हा वारसा वडिलांचा. ते भाषेचे मास्तर. समोरच्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दूधवाला 'मी उद्या येईल' म्हणाला की त्याच्याकडून 'येईन' वदवून घेतल्यावरच ते पातेलं पुढे करत. दूधवाला बिचारा येईन-येईन करत जिना उतरायचा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी ताई एका मैत्रिणीबरोबर चोरून मारधाडीचा सिनेमा पाहायला गेली होती. पडद्याला ठिगळं, खुर्च्यांत ढेकूण, आणि नायक असा की त्याला त्याच्या आईशिवाय कुणी ओळखत नसावं. पण त्याने एका ठोशात तिघांना रिकाम्या पिंपांवर उडवलं तेव्हा ताईने जन्मात पहिल्यांदा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मध्यंतरात बाहेर येते तो पाण्याच्या नळापाशी वडील उभे. घरी आल्यावर त्यांनी तिला न्हाणीघरात उभं केलं, हातात साबणाची वडी दिली आणि म्हणाले, "तोंड धू. आतून. घाणीचा वास येतोय." तिने धुतलं. फेस पोटात गेला, उलटी झाली, आणि आईसुद्धा मध्ये पडली नाही. चहाडी मैत्रिणीनेच केली असणार असं धरून ताईने तिच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं. सिनेमाच्या बाबतीत तर तिने कानाला खडाच लावला.

धाकट्या भावाने मात्र मिसरूड फुटल्याबरोबर कॅसेटी भाड्याने द्यायचं दुकान काढलं. त्यात नव्वद टक्के माल त्याच जातीचा: सूड, बदला, बदल्याचा बदला. "मास्तराचा मुलगा शेण विकतो," असं म्हणून वडिलांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. आई गेली तेव्हाही बापलेक दोन कोपऱ्यांत उभे होते. पुढे कॅसेटींचा जमाना संपला, धाकटा मोबाइल दुरुस्त करायला लागला, तरी अबोला काही संपला नाही.

असा हा कडक माणूस एका सकाळी दाढी करता करता कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची ती तोंडात नुसती पडून राहिली. ताईने रजा काढली. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं. ओठाच्या कोपऱ्यातून घास परत बाहेर आला की ती तोंड फिरवून पुसायची, आणि बापाचीच किळस येते म्हणून मग स्वतःची यायची. हात धुऊन धुऊन तिची बोटं सोलवटली होती.

वाचा परत यावी म्हणून आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. धाकट्याने त्यांचं नाव 'वाचाबाई' ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या जिव्हाळ्याचं काही कानावर पडू दे. जे परतायचं ते सुरुवातीलाच परततं, नाहीतर मग फार आशा धरू नका."

ताईने कंबर कसली. वडिलांनी जन्मभर शिकवलेल्या कविता, निबंध, अगदी व्याकरणाचे नियमसुद्धा तिने त्यांच्या उशाशी बसून वाचले. ते भिंतीकडे बघत राहायचे. एकदा समासाचे प्रकार वाचता वाचता तिने वर पाहिलं तर ते चक्क घोरत होते.

आजारपणामुळे धाकट्याला घरात पाऊल टाकता आलं होतं. वडील नाही म्हणूच शकत नव्हते. एका दुपारी ताई औषधं घेऊन परतली तर जिन्यातच गोळीबार ऐकू आला. धाकट्याने लॅपटॉप खुर्चीवर ठेवून आपल्या जुन्या मालातला एक सिनेमा लावला होता, परभाषेतला, कुणीतरी मराठीत बोलून भ्रष्ट केलेला. एक पोलीस पावसात उभा राहून बोंबलत होता. पाऊस फक्त त्याच्याच अंगावर पडत होता. मागचा रस्ता कोरडा ठणठणीत.

"बंद कर ती घाण," ताई म्हणाली.

"थांब गं ताई. यांच्याकडे बघ."

पोलीस ओरडला, "तुझा रक्त पिऊनच मी मरेल!"

आणि पलंगावरून, जड पण स्पष्ट आवाज आला, "तुझं रक्त पिऊनच मी मरेन."

धाकट्याने टाळ्या पिटल्या. वडिलांना डायलॉग पाठ आहे एवढंच त्याला कळलं. ताईला पुढचं कळलं. 'तुझा'चं 'तुझं' झालं होतं, 'मरेल'चं 'मरेन' झालं होतं. म्हणजे माणूस आत शाबूत होता. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात प्रश्न आला.

"यांना हा पाठ कसा?"

धाकटा मान खाजवत हसला. "शिंप्याकडे पाठ झाला. त्याच्या मागच्या खोलीत टीव्ही होता. तो माझ्याकडून कॅसेटी न्यायचा, गिऱ्हाइकाला हव्यात म्हणून. मी दुकान कायमचं बंद केलं तेव्हा त्याने सांगितलं गिऱ्हाईक कोण ते."

दर शनिवारी दुपारी वडील इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. कुठे? तर शिंप्याकडे, माप द्यायला. वर्षाला दोन पँटी शिवणारा माणूस दर आठवड्याला माप देत होता, आणि घरात तिघांपैकी एकालाही शंका आली नव्हती.

"आणि तू हे पोटात ठेवलंस?"

"तू ऐकून घेतलं असतंस का? माझ्याशी बोलत नव्हते, पण माझीच कॅसेट बघत होते. मला तेवढं पुरलं."

ताईला नाही पुरलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाचाबाईंनी फर्मान काढलं की हेच औषध, हेच रोज द्या. झालं. फिनेलच्या घरात दिवसरात्र पिंपं गडगडायला लागली.

आणि काय ते सिनेमे! दरीत पडायची लाल गाडी, स्फोट व्हायचा पांढऱ्या गाडीचा. हेलिकॉप्टर परवडत नसावं म्हणून नुसता त्याचा आवाज यायचा आणि सगळे माना वर करून बघायचे. खलनायकाची डोळ्यावरची पट्टी मध्यंतरानंतर दुसऱ्या डोळ्यावर जायची. बायका किंचाळण्यापुरत्या आणि मरण्यापुरत्या. रक्त म्हणाल तर सरबत. ताई नाक मुरडत, चुका मोजत दाराशी उभी राहायची, मग पलंगाच्या कडेला टेकायची, आणि एकदा दूध उतू जाऊन जळका वास घरभर पसरला तरी ती उठली नाही, कारण नायक छपराला एका हाताने लोंबकळत होता. ते लक्षात आल्यावर तिला स्वतःची अशी शिसारी आली की तिने जाऊन तोंड धुतलं.

वडील मात्र बोलायला लागले, पण तेवढंच. स्वतःचं एक वाक्य जुळेना, डायलॉग धडाधड. चहा निवला की, "याची किंमत मोजावी लागेल." भांडं हवं असलं की, "वेळ आली आहे." धाकटा कामावर निघाला की मागून, "पळून पळून जाशील कुठे?" धाकटा दारात उभा राहून पोट धरून हसायचा. इतक्या वर्षांनी वडील त्याच्याशी बोलत होते, मग शब्द कुणाचे का असेनात.

ताईला हसू येत नव्हतं. तिला सतत तो पाण्याचा नळ दिसत होता. एका संध्याकाळी वडिलांची हनुवटी पुसताना तिचा हात थांबला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मला शोधायला आला नव्हतात," ती म्हणाली. "कुणी चहाडी केली नव्हती. तुम्ही स्वतः तिकीट काढून आत बसला होतात."

वडिलांनी डोळे मिटले नाहीत. भिंतीकडेही पाहिलं नाही.

"मी सापडले म्हणून तुमचं थिएटर सुटलं आणि शिंपी सुरू झाला. माझ्या तोंडात साबण घातलात. एक मैत्रीण होती, ती मी तोडली. धाकट्याला तोडलंत. आम्ही घाण, आणि तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून माप द्यायला! बाबा, मला तुमची किळस येते. तोंडातून गळतं त्याची नाही. तुमची."

वडिलांचा डावा हात चादर चुरगाळायला लागला. ओठ हलले. "सा..." एवढंच आलं. पुन्हा "सा...", आणि तिथेच अडलं. कपाळावर घाम फुटला. स्वतःचा शब्द शोधून शोधून दमल्यावर त्यांनी मान तिच्याकडे वळवली, आणि खोल, नाटकी, पडद्यावरच्या आवाजात म्हणाले, "गद्दार तुझ्यासमोर आहे. गोळी घाल. पण तोंड फिरवू नकोस."

ताईने सवयीने वाक्य तपासलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

स्वयंपाकघरातून चहा गाळता गाळता धाकटा म्हणाला, "हा फितुराचा आहे गं. शेवटच्या मारामारीआधी म्हणतो."

"मग समोरचा काय म्हणतो?"

"म्हणतो काहीतरी. आता आठवत नाही."

वडील तिच्याकडे पाहत थांबले होते. पुढचं वाक्य तिचं होतं, आणि ते तिला येत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यातच तिचा जन्म गेला होता. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार उशीवर उतरली. किळस होतीच, ती कुठे गेली नव्हती. ताईने तोंड फिरवलं नाही.