न गाजलेलं गाणं

पक्षाघातात बाबांची वाचा गेली आणि उजवं अंगही लुळं पडलं. साठच्या दशकातल्या एका इंग्रजी बँडचं त्यांना कॉलेजपासून वेड, म्हणून मी रोज त्यांच्या खाटेशी त्या बँडची गाजलेली गाणी लावायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, रमलेत.

एकदा मी भाजी फोडणीला टाकायला गेले आणि मोबाइलवर त्याच बँडचं एक अनोळखी गाणं आपोआप सुरू झालं. संथ, जरासं उदास. परत आले तर बाबांची डावी बोटं चादरीवर ठेका धरत होती.

"बाबा, हे आवडतं तुम्हाला?"

त्यांनी 'हो' म्हणून खाटेवर जोरात डावा हात आपटला.

म्हणजे महिनाभर मी त्यांना त्याच चार गाण्यांत कोंडून ठेवलं होतं, आणि 'पुरे' म्हणायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. गाजलेलं तेच माणसाच्या आवडीचं, असं आपण किती सहज धरून चालतो.

रविवारी दादा आला. "हे काय रडकं लावलंयस? त्यांचं ते फेमस गाणं लाव की," म्हणत त्याने मोबाइलकडे हात नेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं, आणि गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.