गोड्या पाण्याची सरासरी

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, कॉलेजच्या वाचनालयात मासिकं चाळत बसलो होतो. फोन अकोल्याहून, वहिनींचाच. "भाऊजी, हे गेले... झोपेतच." त्याला काही आठवडे झाले.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं. मी मराठी, तो संख्याशास्त्र. निवृत्तीनंतर तो अकोल्यात, जठारपेठेत राहायला गेला, पण त्याचा जीव भातकुलीकडच्या आपल्या गावात होता. तिथं विहिरींचं पाणी खारं, गोडं पाणी दुरून आणायचं. आसपासच्या खेड्यांना नळयोजना हवी होती, आणि पाणी कमी पडतं हे आकड्यांनी दाखवलं तरच ती मिळणार होती. सरपंचांनी ते काम माधववर सोपवलं. मीही सोबत हिंडलो.

सगळी घरं पाहणं शक्य नव्हतं. प्रत्येक गावातली काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. "हे एक घर न पाहिलेल्या कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं," तो म्हणे. मोठ्या गावातलं घर जास्त घरांच्या वतीनं, वस्तीवरचं थोड्यांच्या. प्रत्येक घराचा हा भार सॉफ्टवेअरला सांगितला, की ते साऱ्या खेड्यांची सरासरी आणि एकूण पाणी काढून देई, चुकीला दोन्ही बाजूंनी जागा ठेवून, म्हणजे 'इतक्यापासून तितक्यापर्यंत' असं.

पहिली सरासरी आली ती भरपूर पाण्याची. माधवनं काही घरांना पुन्हा येतो म्हणून निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी एका घरी चहा पिताना त्यानं विचारलं, "ताई, रोज असाच चहा असते का?"

ती हसली. "पाव्हण्याले खारा चहा देऊ का सर? तुमी येनार म्हनून सकाळीच दोन खेपा जास्त मारल्या."

प्रत्येक घरानं तेच केलं होतं. आमच्या पाहुणचारापायी योजना बुडाली असती. अर्ज द्यायची मुदत जवळ आलेली, सरपंच वैतागले, तरी माधवनं पाहणी पुन्हा केली. न सांगता जाऊन, आणि 'आज' ऐवजी 'काल' किती पाणी आणलं ते विचारून. खारा चहा आम्ही निमूट प्यायलो.

"एकच आकडा लिवा ना सर," सरपंच म्हणाले. "इतक्यापासून तितक्यापर्यंत म्हटलं, तर सायेब म्हनतीन, यायलेच मालूम नाही."

"किती मालूम नाही, तेच तर सांगून राहिलो. अन् हे वरचं टोक पाहा. तेही गरजेच्या खालीच आहे."

सरपंचांनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली आणि सही केली. पुढे नळ आले.

त्यानंतर माधवनं कुणाला 'कसा आहेस' असं विचारलं नाही. आजचं विचारलं की माणूस पाहुण्यासाठी बोलतो, असं त्याचं मत झालं होतं.

आता सकाळी मी वहिनींना फोन करतो. त्या लगेच म्हणतात, "मी बरी आहे, भाऊजी." मग मी विचारतो, कालचा दिवस कसा गेला?

"काल... जेवावंसं वाटलं नाही. पण दुपारी यांच्या खोलीत जाऊन पडले. छान झोप लागली बघा."