पाचवा नट
हाताला डिझेलचा वास लागला की राहुरीच्या घरापुढचं ते ऊन आठवतं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून जीप दारात उभीच होती. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायचं, तर मागचं चाक पंक्चर. चार नट निघाले, पाचवा गंजून जाम झालेला. डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला बोअरचा पाइप लावून वर उभा राहिलो. पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. वडील बाजेवरून बघत होते, त्याचाही राग येत होता. शेवटी पाना आपटून मी ओरडलो, "कुठल्या गाढवानं आवळलाय हा?" "म्याच," वडील म्हणाले. लुळा पडलेला उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. "तवा जोर हुता की हातात. आन् तुमी पोरं मागं बसायचा. वाटंत चाक निघालं असतं म्हंजी?" तासाभरानं नट निघाला. स्टेपनी चढवून मी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. आता माझी पोरं मागं बसतात. पंक्चरवाला दर वेळी घामाघूम होऊन वैतागतो, "कोन आवळतंय वो एवढं?" मी सांगतो, "म्याच."