मर्क्युरीचा दिवा निवेपर्यंत

नाशिक रोडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, त्या वर्षी मला सगळ्याचीच घाई असायची. मुलं वीस, स्पेक्ट्रोमीटर चार. अंधाऱ्या खोलीत मर्क्युरीचा दिवा पूर्ण उजळला की मुलांनी दुर्बिणीतून रंगांच्या रेषा बघायच्या, कोन लिहायचे आणि पुढच्यांना जागा द्यायची.

तो दिवा लावायचं काम आमच्या लॅब असिस्टंटचं. ते एकलहऱ्याहून यायचे, निवृत्तीला आलेले. मुलं त्यांना मामा म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. दिवा उजळायला वेळ लागतो म्हणून ते आधीच येऊन तो लावून ठेवायचे. त्यांच्या पाठोपाठ एक मुलगी यायची. नांदगावची, इथं मावशीकडे राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी. ती त्या दिव्यापाशी बसून राहायची.

एकदा तिचं जर्नल तपासताना कळलं, ती काय करत होती ते. रीडिंग निम्मीच, आणि उरलेलं पानभर हे: ‘लावल्याबरोबर फिका जांभळा. दोन मिनिटांनी हिरवी रेघ ठळक. पिवळ्या दोन रेघा सगळ्यात उशिरा.’ मी त्यावर लाल फुली मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हे कुणी विचारलंय का तुला?” ती जर्नल उचलून जागेवर गेली. मामा मात्र दिवसभर माझ्याशी तुटक वागले.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते. ती मुलगी रीडिंग घेत असताना क्षणभर लाइट गेली आणि आली. पंखा फिरायला लागला, दिवा मात्र लागेना. मी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं.

मामांनी हळूच मला बाजूला केलं. “मॅडम, दम धरा. लय तापलाय तो.”

“पण तिची वेळ चाललीये ना!”

परीक्षक जवळ आले. “का लागत नाही?” त्यांनी मला विचारलं की तिला, कोण जाणे. मी पुन्हा बटणाकडे हात नेला.

“सर, गरम असताना आतल्या वाफेचा दाब खूप असतो,” ती मुलगी म्हणाली. “तेवढ्या दाबात ठिणगी पडत नाही. निवला की लागेल. सात-आठ मिनिटं.”

“तू मोजलीस?”

“दोनदा. मामांनी मुद्दाम बंद करून दिला होता.”

परीक्षक स्टूल ओढून बसले. दिवा निवेपर्यंत तिला विचारत राहिले आणि ती बोलत राहिली. एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. दिवा लागल्यावर त्यांनी तिला तेवढा वेळ वाढवूनही दिला.

सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं. “त्या दिवशी मी चुकले गं.”

ती ओशाळली. “नाही मॅडम, रीडिंग कमी होतीच की माझी.”

“हो, तेवढं खरंय,” मामा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

मामा निवृत्त झाले तेव्हा ती पुण्यात एम.एस्सी. करत होती. निरोपाच्या दिवशी त्यांच्यासाठी घरच्या शेतातला हुरडा घेऊन आली. लॅबमध्येच आम्ही तो खात बसलो.

“आता तिकडं काय बघतीस?” मामांनी विचारलं.

“दिवाच, मामा. नळीत गॅस भरायचा, वीज सोडायची आणि उजेड कसा बदलतो ते बघायचं. फक्त आता ते सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं.”

“मग दिसतं कसं तुला?”

ती सांगत बसली. मला निम्मं कळलं. मामांना किती कळलं ठाऊक नाही, पण त्यांनी तिला दोनदा अडवून प्रश्न विचारले. दुसऱ्या प्रश्नावर ती हुरड्याची मूठ तशीच धरून विचारात पडली आणि म्हणाली, “मामा, हे आमच्या सरांनाही अजून नीट सांगता येत नाही.”