जाधवबाईंची लिची

कुठलंही फळ तोंडात टाकण्याआधी जाधवबाई त्याच्यावर बोलत. केळं असो की जांभूळ, आमच्या तोंडाला पाणी सुटलं तरी बाईंचं संपत नसे. दिघीच्या शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्या तरी शिकवणं काही सुटलं नाही. वर्ग गेला आणि त्याच्या जागी आमच्या घराला लागून असलेला त्यांचा ओटा आला, एवढाच काय तो फरक.

एक खोड मात्र शाळेपासूनची. धडा ऐन रंगात आला की बाई घड्याळाकडे बघत, खडू ठेवत आणि म्हणत, “तास संपला. उरलेलं उद्या.” आम्ही कळवळायचो. “सगळं आजच सांगितलं तर उद्या कोण येणार रे?” असं त्यांचं म्हणणं. खरोखरच विज्ञानाच्या तासाला कोणी दांडी मारत नसे. ओट्यावरही त्यांनी हाच खाक्या चालू ठेवला.

मी नोकरीसाठी अलिबागला असतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी जाताना बाजारातून पानांसकट लिचीची एक जुडी घेतली आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो. संध्याकाळी ओट्यावर जुडी ठेवली. तिथे आमच्या शेजारच्या सीताकाकी बसल्या होत्या. मासळी विकून दोन मुलींची लग्नं केलेली बाई, पण मधुमेहाने जेरीला आणलेली.

बाईंनी एक लिची सोलून सगळ्यांना दाखवली. “यात क जीवनसत्त्व भरपूर. शिवाय पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं. विळ्याला गंज चढतो ना, तशी शरीरातही झीज चालू असते. ही द्रव्यं तिला आवरायला मदत करतात. ती गरात आहेत, त्याहून जास्त या लाल सालीत. आणि ऐक सीता, साल आणि बी यांच्या अर्काने रक्तातली साखर उतरते का, यावरही प्रयोग चाललेत.” काकी पुढे सरकून बसल्या. बाईंनी घड्याळ बघितलं. “तास संपला. उरलेलं उद्या.”

तो उद्या काही आला नाही. पहाटेच माणगावहून फोन आला, भाची बाळंत झाली म्हणून, आणि बाई चार दिवस तिकडे अडकल्या. इकडे काकींनी मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा फळीवर ठेवून दिला आणि सकाळ-संध्याकाळ लिची सुरू केली. जुडी संपल्यावर मुरूडहून आणखी मागवली. पाचव्या दिवशी जेट्टीवर मासळीची टोपली उचलताना त्यांना घेरी आली. दवाखान्यात तपासलं तर साखर भलतीच चढलेली. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, “जाधवबाईंनी सांगितलं ना, लिचीत औषध हाय. मंग गोली कशाला?”

बाई माणगावहून आल्या त्या थेट काकींच्या खाटेशी. मी तिथेच होतो. बाईंचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “सीता, चूक माझी. प्रयोग होते ते प्रयोगशाळेतले, माणसांवरचे नव्हेत. गरात तर साखरच. गोळी सोडायची नसते, हेच मी उद्यावर टाकलं.”

“तुमची कसली चूक?” काकी म्हणाल्या. “डाक्तर काय रोज नवा येतो. भरवसा तुमच्यावर हाय.”

त्या भरवशानेच बाई रडल्या. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण जुडी माझी होती.

त्या दिवसापासून ‘उरलेलं उद्या’ बंद. बाई आता प्रत्येक फळाची सुरुवात ‘पण’ने करू लागल्या. आधी कोणी खाऊ नये, किती खाऊ नये, आणि गुण शेवटी. सगळं एका बैठकीत. फणसाबद्दल विचारण्याची तर गावात कोणाची छाती होत नसे, जेवणवेळ टळायची. रोज सकाळी काकींनी गोळी गिळली की नाही, हे बघायला बाई स्वतः जात आणि जीभ बाहेर काढायला लावत.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी परत निघालो तेव्हा बाई अलिबागला पोचल्यावर माझ्या पोरांसाठी लिची घे म्हणाल्या आणि बोलू लागल्या. “बाई, बोट सुटेल. बाकीचं उद्या फोनवर सांगा,” मी म्हणालो. “उद्या-बिद्या काही नाही,” म्हणत त्या चालत जेट्टीपर्यंत आल्या. बोट हलली तरी काठावरून ओरडत होत्या, “कच्ची देऊ नकोस! उपाशीपोटी तर नाहीच! बी चावू देऊ नकोस!” बोटीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी मान डोलावत होतो.

त्याच पावसाळ्यात बाई हृदयविकाराने गेल्या. मला फार पोरकं वाटलं. मनात एक धास्तीही होती, आता काकींची जीभ कोण बघणार?

या मे महिन्यात जुडी घेऊन गेलो. बाईंच्या ओट्यावर काकी एकट्याच बसल्या होत्या. मी लिची पुढे केली. त्यांनी ती घेतली, सोलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“खा ना काकी.”

“आदी ‘पन’ सांग,” त्या म्हणाल्या. “सगला.”

मी गोळीपासून सांगू लागलो. पहिल्याच वाक्याला मला थांबवून त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. सकाळची गोळी घेतली होती.